क्ष-किरण विभागाचे इन्चार्जपद: ज्यांनी शिकवले त्यांचीच चूक कशी दाखवावी?

खाडीकाठ

नमस्कार. मी चिपळूणच्या परिसरातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात नऊ वर्षांपासून क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करते. आमच्या विभागात एक डीआर (प्रतिमा थेट संगणकावर देणारे) आणि एक सीआर (कॅसेटमधील प्लेट वाचून प्रतिमा देणारे) अशी दोन स्थिर क्ष-किरण यंत्रे, एक पोर्टेबल, शस्त्रक्रियागृहातील सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना प्रतिमा दाखवणारे यंत्र), १६ स्लाइसचे सीटी आणि सोनोग्राफीच्या दोन खोल्या आहेत. माझ्यासह सात तंत्रज्ञ आहेत. आमचे इन्चार्ज गेल्या महिन्यात निवृत्त झाले आणि प्रशासनाने ती जागा मला देऊ केली आहे. आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) होण्यासाठी लागणारी पात्रता विभागात सध्या माझ्याकडेच आहे, हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

अडचण अशी की विभागात माझ्याहून पंधरा वर्षांनी ज्येष्ठ असलेले एक सहकारी आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी नवीन होते तेव्हा डार्करूममध्ये फिल्म कशी धुवायची इथपासून अपघातातील रुग्णाला न हलवता मानेची प्रतिमा कशी घ्यायची इथपर्यंत सारे त्यांनीच शिकवले. त्यांच्या हाताला जे वळण आहे ते आमच्यापैकी कोणाच्याही हाताला नाही. तरीही ते टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते नोंदणारा बिल्ला) कपाटात ठेवून काम करतात किंवा शिशाच्या एप्रनला लावून तो एप्रन खोलीतच टांगून जातात. लहान मुलाला धरायला कोणी नसेल तर घाईत स्वतःच, एप्रन न घालता, धरतात. प्रतिमा बिघडली तर कन्सोलवरून पुसून दुसरी घेतात आणि त्याची कुठेही नोंद करत नाहीत. अलीकडे त्यांनी छातीच्या प्रतिमेचे एमएएसही (किरणांचे प्रमाण ठरवणारा आकडा) वाढवून ठेवले आहे, कारण प्रतिमा स्वच्छ येते आणि डॉक्टर तक्रार करत नाहीत.

आजवर सहकारी म्हणून मी गप्प राहिले. इन्चार्ज झाल्यावर गप्प राहता येणार नाही, आणि त्यांना चारचौघांत काही बोलण्याची तर कल्पनाही मला करवत नाही. हे पद स्वीकारावे का, आणि स्वीकारल्यास पहिल्या महिन्यात कोणत्या गोष्टीला हात घालावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जांभा

ताई, पद जरूर स्वीकारा. मी शासकीय सेवेतून, रत्नागिरी जिल्ह्यातूनच, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे, आणि तुम्ही लिहिलेला प्रसंग माझ्या वाट्यालाही आला होता. त्या वेळी मी काय चुकीचे केले ते आधी सांगतो. रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी परिपत्रक काढले, त्यात बॅज, एप्रन, रिपीट (बिघडलेली प्रतिमा पुन्हा घेणे) यांविषयी सारे नियम लिहिले आणि सर्वांच्या सह्या घेतल्या. सह्या झाल्या; परिणाम मात्र एवढाच झाला की पुढे रिपीट माझ्या नजरेआड होऊ लागले. ज्या चुका मला आधी निदान दिसत तरी होत्या, त्या त्या परिपत्रकाने लपवून टाकल्या.

पुढे काही महिन्यांनी मी एक साधी दोनशे पानी वही आणून कन्सोलजवळ ठेवली आणि पहिल्या दिवशी त्यात केवळ माझ्या स्वतःच्या बिघडलेल्या प्रतिमा लिहिल्या: तारीख, अवयव, कारण आणि पुढे माझे नाव. एका दिवशी कमरेच्या मणक्याच्या पार्श्वप्रतिमेत मी सेंटरिंग (किरणांचा मध्य योग्य जागी ठेवणे) चुकलो होतो, तेही लिहिले. तीन आठवडे त्या वहीत फक्त माझेच नाव होते. चौथ्या आठवड्यात एका कनिष्ठाने स्वतःचे नाव लिहिले आणि त्यानंतर बाकीच्यांनी. तुमचे काका कदाचित सर्वांत शेवटी लिहितील. पण तुमचे नाव त्या वहीत आधी आलेले त्यांनी पाहिले असेल, तर ते ती वही तक्रारवही समजणार नाहीत. नियम तुम्ही दुसऱ्याला लावण्याआधी स्वतःला लावलेला असला पाहिजे, आणि तो लावलेला सर्वांना दिसला पाहिजे. बाकीच्या सूचना तुम्हाला कोणीही देईल, या एका गोष्टीबाबत मात्र मी आग्रही आहे.

आता बॅजविषयी. माझ्या अनुभवात, बॅज न वापरणाऱ्या ज्येष्ठांच्या मनात बहुधा असा समज असतो की बॅज हा व्यवस्थापनाने आपल्यावर ठेवलेला पहारा आहे. त्यांना अहवालच दाखवा. दर तीन महिन्यांनी बॅज जातो आणि मात्रेचा, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांच्या प्रमाणाचा, अहवाल येतो. तो अहवाल बहुतेक रुग्णालयांत फाइलला लागतो आणि ज्याच्या शरीराची ती नोंद आहे त्याला कधीच दिसत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. नीट काम करणाऱ्या तंत्रज्ञाची मात्रा तिच्या कितीतरी खाली असते, हे स्वतःच्या नावापुढील आकड्यात पाहिले की मनातली भीती आणि बेफिकिरी दोन्ही कमी होतात. कपाटातला बॅज शून्य दाखवील आणि खोलीत टांगलेल्या एप्रनवरचा बॅज भलताच मोठा आकडा दाखवील. दोन्ही आकडे खोटेच, आणि उद्या काकांना खरोखर काही आजार झाला तर त्यांच्या बाजूने बोलणारा एकही कागद उरणार नाही. बॅज छातीच्या पातळीवर, एप्रनच्या आत लावायचा असतो, हे कनिष्ठांनाही एकदा दाखवून द्या, कारण तो एप्रनच्या बाहेर लावलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

एमएएस वाढवण्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात काकांचा दोष कमी आणि तंत्रज्ञानातील बदलाचा भाग अधिक आहे. फिल्मच्या काळात जास्त एक्स्पोजर दिले की फिल्म काळी पडत असे आणि चूक लगेच डोळ्यांसमोर येत असे. डिजिटलमध्ये संगणक प्रतिमेचा उजळपणा आपोआप जुळवून देतो, त्यामुळे कमी एक्स्पोजर दाणेदार दिसते, पण दुप्पट एक्स्पोजर उलट अधिक सुंदर दिसते. ज्या माणसाने वीस वर्षे डोळ्यांवर विश्वास ठेवून उत्तम काम केले, त्याचेच डोळे आता त्याला फसवतात. म्हणून त्यांना ‘तुम्ही जास्त देता’ असे म्हणण्याऐवजी प्रतिमेच्या कोपऱ्यातील आकडा पाहायला शिकवा. नव्या डीआर यंत्रांवर डेव्हिएशन इंडेक्स दिसतो; तो शून्याच्या जवळ असावा, आणि तो अधिक ३ झाला तर ठरवलेल्यापेक्षा सुमारे दुप्पट किरण गेले असे समजावे. सीआरवर मात्र कंपनीगणिक पद्धत निराळी असते. फुजीच्या जुन्या पद्धतीत एस-मूल्य उलटे चालते, म्हणजे आकडा जितका लहान तितके एक्स्पोजर जास्त. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची यंत्रे असल्याने हा गोंधळ नक्की होणार, तेव्हा प्रत्येक यंत्रावर त्याचे मूल्य कसे वाचायचे ते मराठीत लिहून चिकटवा, आणि ते लिहिण्याचे काम काकांकडेच द्या.

तळकोकणातली

मी कुडाळच्या बाजूला एका खासगी रुग्णालयात सहा वर्षांपासून इन्चार्ज आहे. वरील प्रतिसादातील वहीची सूचना मला मनापासून पटली. त्यात एकच भर घालते: कारणांच्या रकान्यात ‘रुग्ण हलला’ हे कारण सरसकट लिहू देऊ नका. आमच्याकडे पहिल्या काही महिन्यांत निम्म्याहून अधिक नोंदींत हेच कारण होते, आणि खोलात गेल्यावर कळले की रुग्ण हलला नव्हता, त्याला आमची सूचना समजलीच नव्हती. घाट चढून आलेल्या सत्तरीच्या आजीला काचेपलीकडून ‘दीर्घ श्वास घेऊन रोखून ठेवा’ असे ध्वनिवर्धकावर सांगितले तर ती बिचारी तोंड उघडून आपल्याकडे बघत राहते. एका आजींनी मला स्पष्टच सांगितले, “माका दम धरूक जमणा नाय.” तेव्हापासून आम्ही किरण सोडण्यापूर्वी रुग्णाशेजारी उभे राहून, त्यांच्याच बोलीत, एकदा दम भरून धरण्याचा सराव करून घेतो. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि छातीची दुसरी प्रतिमा घेण्याची वेळ फारच क्वचित येते.

दुसरी गोष्ट स्त्रियांच्या बाबतीतील, आणि तुम्ही स्त्री इन्चार्ज असल्याने ती तुम्ही अधिक चांगली सुधारू शकाल. गर्भवती असल्यास तंत्रज्ञास सांगावे, असा फलक प्रत्येक खोलीबाहेर असतो. पण आपल्याकडे सून तपासणीला येते ती सासू किंवा सासऱ्यांसोबत, आणि त्यांच्या देखत ‘पाळी कधी आली होती’ असे विचारले तर ती मान खाली घालून ‘नाही’ एवढेच म्हणते. ते उत्तर उत्तर म्हणून धरू नका. नातेवाइकांना बाहेर थांबवून, कपडे बदलण्याच्या पडद्याआड, स्त्री तंत्रज्ञाने किंवा परिचारिकेने विचारावे. रात्रपाळीला स्त्री तंत्रज्ञ नसेल तर प्रसूतिकक्षातून परिचारिकेला बोलावण्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी. आमच्याकडे एका ठिकाणी, नाव घेत नाही, हा प्रश्न दारातच विचारला गेला होता, आणि पोटाचे सीटी झाल्यावर दोन दिवसांनी ती मुलगी एकटी परत येऊन रडत खरे सांगून गेली. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

आणखी एक विषय ड्युटी रोस्टरचा. बाहेरच्यांना तो किरकोळ वाटेल, पण कोकणात इन्चार्जची खरी परीक्षा गणपतीत आणि शिमग्यात होते. आमच्याकडे त्यात जत्राही येतात. नेमक्या त्याच दिवसांत चाकरमानी गावी आलेले असतात, महामार्गावर अपघात वाढतात आणि विभागात माणसे कमी असतात. मे महिन्यात आंबे काढताना किंवा माडावरून पडलेले रुग्ण येतात, ज्यांना कॉलर न काढता, उताणे ठेवूनच मानेची पार्श्वप्रतिमा घ्यावी लागते. अशा वेळी रात्रपाळीला दोन नवशिके एकत्र आले तर चालत नाही. मी वर्षाच्या सुरुवातीलाच गणपती, शिमगा, ईद, दिवाळी आणि नाताळ यांच्या रजा लिहून काढते. ज्याला यंदा गणपतीची रजा मिळाली त्याला पुढच्या वर्षी मिळणार नाही, आणि हा नियम इन्चार्जलाही लागू. गेल्या गणपतीत माझ्या घरी पाच दिवसांचा गणपती असताना मी सीटीवर होते, आणि त्यानंतर कोणी माझ्याकडे रोस्टरवरून गाऱ्हाणे घेऊन आलेले नाही.

आर्द्रता

मी तंत्रज्ञ नाही. क्ष-किरण आणि सीटी यंत्रांच्या देखभालीचे काम करतो आणि पावसाळ्यात रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत फिरत असतो. माणसांविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी यंत्रांपुरतेच लिहितो.

खर्च वाचवण्यासाठी रात्री सीटीच्या खोलीतील वातानुकूलन बंद करण्याची सूचना प्रशासनाकडून येईल. ती मान्य करू नका. जुलैच्या हवेत खोलीचे दार उघडे राहिले की दमट हवा गार झालेल्या गॅन्ट्रीवर (सीटीच्या गोल चौकटीवर) येऊन तिचे पाणी होते. पुढे सर्किट बोर्डांवर गंज आणि सकाळी अनाकलनीय एरर, हा क्रम मी दर पावसाळ्यात पाहतो. किनाऱ्याजवळ त्या हवेत मीठही असते. खोलीत आर्द्रतामापक लावा आणि दिवसातून दोनदा आकडा लिहा. डीह्युमिडिफायर असेल तर त्याची बादली कोणी रिकामी करायची ते नावासकट ठरवा. ती भरली की यंत्र आपोआप बंद पडते आणि सर्वांना वाटते की ते चालूच आहे. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागण्यापूर्वी अर्थिंगची तपासणी करून घ्या.

लेड एप्रन घडी घालून ठेवू देऊ नका. घडीवर आतले शिसे तडकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रुंद दांड्यावर टांगावेत, आणि वर्षातून किमान एकदा प्रत्येक एप्रनची सी-आर्मखाली किंवा डीआरवर प्रतिमा घेऊन पाहावी. प्रत्येकाला क्रमांक द्या, म्हणजे कोणता कधी तपासला ते सांगता येईल. यंत्रांची गुणवत्ता चाचणी नियमानुसार दर दोन वर्षांनी होते, पण प्रकाशाचा चौकोन आणि किरणांचा चौकोन जुळतो की नाही हे तुम्ही दरमहा स्वतः पाहू शकता: कॅसेटवर प्रकाशाच्या चारही कडांना नाणी ठेवून एक हलके एक्स्पोजर द्या, फरक लगेच दिसेल.

चिपळूणचा उल्लेख आहे म्हणून एक गोष्ट आग्रहाने लिहितो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा काय झाले हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. क्ष-किरण विभाग यंत्रांच्या वजनामुळे बहुधा तळमजल्यावरच असतो. पाणी वाढू लागले तर मुख्य वीजपुरवठा कोण बंद करील, वायरलेस डिटेक्टर, कॅसेट आणि नोंदवह्या कोण कोणत्या मजल्यावर नेईल, बॅज कुठे जातील, हे एका पानावर लिहून जूनच्या आत सर्वांना वाचून दाखवा. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या एकट्या मुलाला फोन करूनही कोणी मिळणार नाही, असे धरूनच ते पान लिहावे.

कागदपत्रे

थोडक्यात लिहितो. पद स्वीकारण्यापूर्वी नियुक्तीपत्रात तीन गोष्टी लेखी मागा. अपुऱ्या माहितीची किंवा अनावश्यक वाटणारी विनंती रेडिओलॉजिस्टशी बोलेपर्यंत थांबवण्याचा अधिकार, सुरक्षिततेच्या कारणावरून यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार, आणि नोंदींसाठी ड्युटीमधील ठरावीक वेळ. आरएसओची जबाबदारी तुमच्याकडे येणार असेल तर ईलोरावरील (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ऑनलाइन परवाना प्रणालीवरील) संस्थेच्या खात्यात तुमचे नाव तसे मंजूर झाल्याची खात्री स्वतः करा. तोंडी नेमणुकीला अर्थ नाही. सोनोग्राफी करणे हे डॉक्टरांचे काम आहे, पण फॉर्म एफ (गर्भवतीच्या सोनोग्राफीची कायदेशीर नोंद) अपुरा राहतो तो बहुधा नोंदणीच्या टेबलावर. १९९४ च्या प्रसवपूर्व निदान कायद्याखालील मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जावा लागतो, त्यामुळे महिन्याचा शेवटचा दिवस त्यासाठी राखून ठेवा.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनंतर लिहिते आहे, कारण काही तरी करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

नियुक्तीपत्रात पहिले दोन अधिकार मिळाले. वेळेबाबत आठवड्यातून एक दुपार मिळाली आहे. वही ठेवली. पहिल्या पंधरवड्यात माझ्या एकटीच्या नावावर ११ रिपीट होते, आणि त्यांपैकी ७ छातीचे होते. मी खांदे पुरेसे पुढे घेत नव्हते, त्यामुळे खांद्याची पाती फुप्फुसांवर येत होती. नऊ वर्षे हे काम केल्यावर स्वतःविषयी हे कळणे सोपे नव्हते. मी ते काकांना दाखवले आणि खरोखरच विचारले की तुम्ही हे कसे करता. त्यांनी मला स्टँडसमोर उभे केले, हातांची मागची बाजू कमरेवर ठेवायला लावली आणि कोपर पुढे ढकलले. मी विद्यार्थिनी असताना त्यांनी हेच दाखवले होते. मी ते विसरले होते. त्याच दुपारी त्यांनी वही उघडून आधीची पाने शांतपणे वाचली. स्वतःचे नाव त्यांनी अजून लिहिलेले नाही, पण गेल्या सोमवारी एका बाळाचा हात धरायचा होता तेव्हा त्यांनी बाळाच्या वडिलांना बोलावले, त्यांना एप्रन दिला आणि स्वतः पॅनेलच्या मागे गेले.

डेव्हिएशन इंडेक्सचा तक्ता त्यांनीच लिहिला आहे, सुंदर अक्षरात. छातीचे एमएएस त्यांनी स्वतः खाली आणले आणि रेडिओलॉजिस्टांनी त्या प्रतिमा पाहून काहीही हरकत घेतली नाही.

जुने मात्रा-अहवाल फाइलमधून काढून प्रत्येकाला त्याचा त्याचा दाखवला. त्यातून एक नवी शंका निर्माण झाली आहे. आमचा कंट्रोल बॅज बऱ्याच काळापासून सीटीच्या कन्सोल खोलीतील खणात ठेवला जात होता असे आढळले. याचा आमच्या सर्वांच्या आकड्यांवर परिणाम झाला असेल का, आणि तो कुठे ठेवावा?

जांभा

ताई, परिणाम होऊ शकतो. कंट्रोल बॅजवर जी नोंद होते ती परिसरातील नैसर्गिक किरणोत्सर्गाची म्हणून धरली जाते आणि इतरांच्या नोंदीतून वजा केली जाते. कन्सोलची जागा किती सुरक्षित आहे हे त्या खोलीच्या सर्वेक्षणावरून कळेल, पण तिथे विखुरलेल्या किरणांचा थोडाही अंश पोहोचत असेल तर तुमच्या प्रत्येकाची मात्रा तेवढी कमी दाखवली जाईल. तो बॅज किरणांपासून पूर्ण दूर असलेल्या जागी हलवा. अभिलेख कक्षाचे किंवा लेखा विभागाचे कपाट चालेल, मात्र त्या भिंतीपलीकडे यंत्र नाही ना ते पाहा. इतर बॅज काम संपल्यावर त्याच्याच शेजारी ठेवायची सवय लावा आणि तिमाही संपल्यावर सर्व बॅज त्याच्यासह एकत्रच पाठवा. तो आजवर कुठे ठेवला जात होता हे बॅज-सेवा देणाऱ्या प्रयोगशाळेला लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत मात्रा-अहवालांच्या फाइलमध्ये लावा. पत्रावर आरएसओ म्हणून तुमची सही असेलच. बॅज कोणत्या खणात आणि कधीपासून होता हे नेमके सांगू शकणारा माणूस बहुधा काकाच असतील, तेव्हा मसुदा करताना त्यांना शेजारी बसवा.